अवकाशीय क्ष-किरण अभिज्ञातकाचे ऊर्जा-अंशांकन

कृत्रिम उपग्रहावरील अभिज्ञातकात (प्रारणाचे अस्तित्व व ऊर्जा ओळखणाऱ्या साधनात) क्ष-किरणांचा एखादा फोटॉन शोषला गेला म्हणजे विद्युत् स्पंद निर्माण होतो. या स्पंदाची उंची आणि फोटॉनाची ऊर्जा यांतील संबंध ठरविणे व उपग्रहाच्या सर्व कार्यकालात तो वेळोवेळी तपासून दुरुस्त करणे, या क्रियेस ऊर्जा-अंशांकन म्हणतात. ऊर्जेच्या एका एककामागे स्पंदाची उंची किती वाढते हे दर्शविणाऱ्या गुणोत्तरास अभिज्ञातकाचा लाभांक म्हणतात. हा लाभांक कारखान्यात एकदा ठरला म्हणजे कायमचा ठरला, असे होत नाही. तापमान, विद्युत् दाब, वायूची गळती, अवकाशातील भारित कणांचा मारा आणि उपकरणाचे वय यांनुसार तो बदलत राहतो. दुकानातील स्प्रिंगचा काटा काळानुसार सैल पडतो व तो मुद्रांकित वजनांनी पुनःपुन्हा तपासावा लागतो. येथे मुद्रांकित वजनांचे काम ज्ञात ऊर्जेच्या वर्णपटरेषा करतात. मात्र काटा दुरुस्तीसाठी खाली आणता येत नाही, ही या विषयातील मुख्य अडचण होय.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते. त्यामुळे खस्थ पदार्थांपासून येणाऱ्या क्ष-किरणांचा अभ्यास रॉकेटे, अतिउंचीवरील फुगे व उपग्रह यांच्याच साहाय्याने करावा लागतो. जून १९६२ मध्ये रॉकेटातून पाठविलेल्या साध्या गणित्रांनी वृश्चिक तारकासमूहातील पहिला तेजस्वी क्ष-किरण उद्गम दाखविला. त्या वेळी किरण येतात किंवा नाही, एवढाच प्रश्न होता. आज प्रश्न किरणांच्या ऊर्जेविषयीचे असतात : एखादी रेषा लोहाची की निकेलाची, ती मूळ जागेपासून सरकली आहे काय, सरकली असल्यास किती व ती रुंद का दिसते. या सर्व प्रश्नांची उत्तरे लाभांकावर अवलंबून असतात.

लाभांकातील चूक आणि वेग : डॉप्लर परिणामामुळे उद्गम निरीक्षकापासून दूर जात असल्यास रेषेची ऊर्जा कमी व जवळ येत असल्यास जास्त दिसते. प्रकाशाच्या मानाने वेग लहान असेल, तर ऊर्जेतील सापेक्ष बदल हा उद्गमाचा वेग व प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराइतका असतो. यावरून एक साधी पण कठोर गोष्ट निष्पन्न होते : लाभांकात हजारात एक भाग इतकी चूक झाली, तर वेगात प्रकाशवेगाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० किमी. चूक होते. दीर्घिकांच्या समूहांतील तप्त वायूचे अंतर्गत वेग सामान्यतः याहून मोठे नसतात. हेलियमसदृश लोह आयनाच्या (सर्व इलेक्ट्रॉन जाऊन दोनच उरलेल्या लोह अणूच्या) ठळक रेषा सुमारे ६,७०० इलेक्ट्रॉन व्होल्ट (यापुढे इ. व्हो.) ऊर्जेजवळ आढळतात. या ठिकाणी एका इ. व्हो.ची चूक सेकंदाला सुमारे ४५ किमी. वेगाइतकी होते. म्हणून वायू खरोखर वाहत आहे की उपकरणातील विवर्धक (क्षीण विद्युत् संकेत मोठा करणारे साधन) किंचित तापला आहे, याचा निवाडा अंशांकनाशिवाय होऊ शकत नाही.

अभिज्ञातकातील मूळ क्रिया : क्ष-किरण फोटॉन द्रव्यात शोषला गेला म्हणजे प्रकाशविद्युत् परिणामाने एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतो व त्याच्या ऊर्जेतून अनेक विद्युत् भार मोकळे होतात [⟶ कण अभिज्ञातक]. सिलिकॉनामध्ये इलेक्ट्रॉन व पोकळी यांची एक जोडी निर्माण होण्यास सरासरीने सुमारे ३·६५ इ. व्हो. ऊर्जा लागते. त्यामुळे ५,९०० इ. व्हो.च्या फोटॉनापासून सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन मिळतात. झेनॉन वायूत एका आयन-जोडीस सुमारे २२ इ. व्हो. लागत असल्याने त्याच फोटॉनापासून जेमतेम २७० जोड्या होतात. परंतु वायूने भरलेल्या प्रमाणीय गणित्रात (ज्यात स्पंदाची उंची फोटॉनाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते अशा गणित्रात) तारेजवळच्या तीव्र विद्युत् क्षेत्रामुळे या जोड्यांचे हजारो पटींनी गुणन होते. पुढे विवर्धकाने मोठा केलेला स्पंद अंकांत रूपांतरित होतो व त्यास एक पूर्णांकी क्रमांक मिळतो. या क्रमांकास चॅनल म्हणतात. उपग्रहाकडून पृथ्वीवर येतो तो केवळ हा क्रमांक. ऊर्जा त्यावरून काढावी लागते.

बहुतेक अभिज्ञातकांत ऊर्जा व चॅनल यांचा संबंध जवळजवळ सरळ रेषेचा असतो, म्हणजे ऊर्जा = स्थिरांक + (गुणक × चॅनल). स्थिरांक हा शून्याच्या सरकण्याचा व गुणक हा लाभांकाचा निदर्शक असतो. समजा, ॲल्युमिनियमाची १,४८७ इ. व्हो.ची रेषा ४०२ या चॅनलवर व मँगॅनिजाची ५,८९५ इ. व्हो.ची रेषा १,६१२ या चॅनलवर आढळली. तर गुणक दर चॅनलला ३·६४ इ. व्हो. व स्थिरांक सुमारे २२ इ. व्हो. येतो. दोन अज्ञात राशींसाठी किमान दोन रेषा हव्यात हे उघड आहे. एकाच रेषेवरून काम भागविल्यास त्या रेषेजवळ मापन अचूक येते. परंतु दूरच्या ऊर्जांना लाभांकातील बदल व शून्याचे सरकणे यांची गल्लत होते. शिवाय संबंध पूर्णपणे सरळ रेषेचा नसतो. सिलिकॉन, झेनॉन वा आयोडीन यांच्या शोषण-सीमांवर (ज्या ऊर्जेला अणूच्या आतील कवचातील इलेक्ट्रॉन निघू लागतात त्या ऊर्जेवर) त्यात लहानशी पायरी पडते. झेनॉनाच्या बाबतीत ही सीमा सुमारे ३४,५६० इ. व्हो. इतकी आहे.

येथे विभेदनक्षमता व अंशांकन यांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा, कारण या दोहोंचा घोटाळा सुशिक्षित वाचकाकडूनही वारंवार होतो. सिलिकॉन अभिज्ञातकात ५,९०० इ. व्हो.ची रेषा सुमारे १२० ते १५० इ. व्हो. इतकी रुंद दिसते. मोकळ्या होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत प्रत्येक वेळी थोडा यदृच्छ फरक पडतो, हे त्याचे मुख्य कारण होय व ही मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे. परंतु अशा रुंद रेषेचा मध्य दहा हजार फोटॉन मोजल्यानंतर अर्ध्या इ. व्हो.च्या आसपास निश्चित करता येतो. म्हणजे रुंद रेषेवरूनही सूक्ष्म सरकणे कळू शकते. मात्र लाभांक तितक्याच अचूकपणे माहीत असला पाहिजे. तो नसेल, तर फोटॉनांची संख्या कितीही वाढविली तरी उत्तर तितकेच चुकीचे राहते, फक्त ते अधिक आत्मविश्वासाने मांडले जाते.

लाभांक का बदलतो : वायु-गणित्रात गुणनाचे प्रमाण तारेवरील विद्युत् दाब व वायूची घनता यांवर अत्यंत तीव्रतेने अवलंबून असते. विद्युत् दाबातील एक टक्का फरकाने लाभांक कित्येक टक्क्यांनी बदलतो. वायू गळून त्याची घनता कमी झाली, तर त्याच विद्युत् दाबाला लाभांक वाढतो. वायूत अशुद्धी मिसळल्यास मोकळे इलेक्ट्रॉन वाटेतच पकडले जातात व स्पंद लहान होतो.

भारयुग्मित प्रयुक्तीत (सीसीडीमध्ये) अडचण निराळी आहे. तीत सिलिकॉनाच्या पातळ चकतीवर लक्षावधी सूक्ष्म चौकटी (पिक्सेल) असतात. एखाद्या चौकटीत जमलेला भार शेजारच्या चौकटीत, तेथून पुढच्या चौकटीत, असा सरकत कडेच्या विवर्धकापर्यंत नेला जातो. विहिरीपासून रांगेने उभ्या असलेल्या माणसांनी पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तशी ही क्रिया आहे. प्रोटॉनांच्या माऱ्याने स्फटिकजालकात दोष निर्माण झाले म्हणजे प्रत्येक हस्तांतरणात थोडे ‘पाणी सांडते’. त्यामुळे विवर्धकापासून दूरच्या चौकटीत पडलेला फोटॉन जवळच्या चौकटीत पडलेल्या तेवढ्याच ऊर्जेच्या फोटॉनापेक्षा कमी ऊर्जेचा भासतो. परिणामी एका चकतीस एक लाभांक न राहता जागेनुसार वेगवेगळे लाभांक धरावे लागतात.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘चंद्रा’ या क्ष-किरण वेधशाळेचे होय. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ही अमेरिकन वेधशाळा जुलै १९९९ मध्ये अवकाशात सोडण्यात आली. तिची कक्षा अतिशय लांबट असून तीत पृथ्वीभोवतालचे प्रारण पट्टे ओलांडावे लागतात. आरंभीच्या काही फेऱ्यांत कमी ऊर्जेचे प्रोटॉन दूरदर्शकाच्या आरशांवरून विखुरले जाऊन थेट सीसीडींवर पडले व दर्शनी बाजूने प्रकाशित होणाऱ्या चकत्यांची भार-हस्तांतरण क्षमता थोड्याच आठवड्यांत खालावली. कारण कळल्यावर प्रारण पट्ट्यांतून जाताना अभिज्ञातक केंद्रापासून बाजूस सरकविण्याचा परिपाठ सुरू झाला, चकत्यांचे तापमान –१२०° से. पर्यंत उतरविण्यात आले व चौकटींच्या ओळींनुसार दुरुस्ती करण्याची गणिती पद्धत बसविण्यात आली. बाजूस सरकविलेला अभिज्ञातक नेमका एका किरणोत्सर्गी उद्गमासमोर येत असल्याने त्या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग अंशांकनासाठीच करण्यात आला. अशा नोंदींवरून सुमारे तीन तीन महिन्यांच्या कालखंडांसाठी लाभांकाच्या स्वतंत्र दुरुस्त्या प्रसिद्ध करण्यात येतात.

प्रमाण रेषा : उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत अनेक ज्ञात रेषांनी अभिज्ञातकाची तपासणी करतात. अवकाशात मात्र उपकरणाबरोबर पाठविलेल्या लहानशा किरणोत्सर्गी उद्गमावर मुख्यतः विसंबावे लागते. त्यांत लोह-५५ हा समस्थानिक सर्वाधिक वापरात आहे. त्याचे अणुकेंद्र सर्वांत आतील कवचातील एक इलेक्ट्रॉन गिळंकृत करते व मँगॅनिज-५५ तयार होते. रिकामी झालेली जागा बाहेरील इलेक्ट्रॉनाने भरली जाताना मँगॅनिजाचे अभिलक्षणिक (त्या मूलद्रव्याची ओळख पटविणारे) क्ष-किरण बाहेर पडतात. त्यांच्या मुख्य जोडरेषेची सरासरी ऊर्जा ५,८९५ इ. व्हो. असून तिची सोबतीण ६,४९० इ. व्हो. जवळ असते. आकाशातील लोहाच्या महत्त्वाच्या रेषा ६,४०० ते ७,००० इ. व्हो. यांदरम्यान असल्याने हा समस्थानिक त्या कामी जणू शेजारचाच साक्षीदार ठरतो. त्याचे किरण ॲल्युमिनियम व टिटॅनियम यांच्या पत्र्यांवर पाडून त्या मूलद्रव्यांच्या कमी ऊर्जेच्या रेषाही मिळवितात. उच्च ऊर्जांसाठी अमेरिसियम-२४१ (५९,५४० इ. व्हो.) व कॅडमियम-१०९ यांचा उपयोग होतो. २०१२ मध्ये सोडलेल्या ‘नूस्टार’ या उपग्रहावर यूरोपियम-१५५ हा समस्थानिक असून तो गरजेनुसार अभिज्ञातकासमोर आणता येतो.

किरणोत्सर्गी उद्गमाचे दोन दोष आहेत. पहिला असा की, तो अविरत चालू राहतो व खस्थ पदार्थाच्या निरीक्षणातही आपले फोटॉन मिसळतो. यावर एक चतुर उपाय योजतात. अमेरिसियमाच्या विघटनात ६०,००० इ. व्हो. जवळच्या फोटॉनाबरोबर त्याच क्षणी आल्फा कणही बाहेर पडतो. आल्फा कण पडताच चकाकणाऱ्या पदार्थात हा उद्गम बसविल्यास प्रत्येक आल्फा कणाची स्वतंत्र नोंद होते व तिच्याशी समकालीन असलेला फोटॉन ‘अंशांकनाचा’ म्हणून बाजूस काढता येतो. दुसरा दोष असा की, उद्गम क्षीण होत जातो. अमेरिसियमाचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे असल्याने त्याची चिंता नसते. लोह-५५ चे मात्र अवघे २·७४ वर्षे आहे. वीस वर्षांत त्याची तीव्रता मूळच्या दीडशेव्या भागाहूनही कमी होते. ‘चंद्रा’ व डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेली यूरोपीय ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दोन्ही वेधशाळा त्यांच्या प्रमाण-उद्गमांपेक्षा दीर्घायुषी ठरल्या. उपकरण टिकले, पण वजने झिजून गेली, अशी ही स्थिती होय.

अशा वेळी आकाशाचा आधार घेतात. शर्मिष्ठा तारकासमूहातील ‘कॅसिओपिया ए’ या अतिदीप्त नवताऱ्याच्या अवशेषात सिलिकॉन व गंधक यांच्या ठळक रेषा आहेत. लहान मॅगेलनी मेघातील एका अवशेषात ऑक्सिजन व निऑन यांच्या १,००० इ. व्हो. जवळच्या व त्याखालील रेषा मिळतात. मात्र हे अवशेष स्फोटाचेच असल्याने त्यांतील द्रव्य सेकंदाला हजारो किमी. वेगाने फाकत असते व त्यांच्या रेषाही मूळच्या जागी नसतात. म्हणून अशा उद्गमाकडून निरपेक्ष ऊर्जेऐवजी ‘गेल्या वर्षापेक्षा यंदा किती सरकले’ एवढेच विचारणे श्रेयस्कर असते. वृषभ तारकासमूहातील खेकड्याच्या आकाराची प्रसिद्ध अभ्रिका तेजाच्या मोजमापास फार सोयीची आहे, पण तिच्या अखंड वर्णपटात ठळक रेषा नसल्याने लाभांकासाठी ती थेट उपयोगी पडत नाही. अशा अखंड वर्णपटात उपकरणाच्याच शोषण-सीमा, उदा., सिलिकॉनाची १,८४० इ. व्हो. जवळची व आरशांवरील सोन्याच्या मुलाम्याची २,२०० इ. व्हो. जवळची, कोठे दिसतात यावरून अप्रत्यक्ष तपासणी करता येते.

आणखी एक मार्ग अनपेक्षित ठिकाणी सापडला. एक्सएमएम-न्यूटनवरील एका अभिज्ञातकाच्या मागे असलेल्या मंडल-फलकातील तांब्यावर विश्वकिरण आदळून तांब्याची ८,०४० इ. व्हो. जवळची रेषा प्रत्येक निरीक्षणात उमटते. अनेक वर्षे ही रेषा निव्वळ उपद्रव समजली जात होती व ती वजा करून टाकली जाई. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिलाच प्रमाण मानून अभिज्ञातकाच्या निरनिराळ्या भागांचे लाभांक नव्याने ठरविण्यात आले. परिणामी लोहाच्या रेषांवरून ययाती (पर्सियस) व अरुंधती केश (कोमा बेरेनायसीझ) या तारकासमूहांतील दीर्घिका समूहांमधील वायूचे वेग सेकंदाला सुमारे १५० किमी. इतक्या अचूकतेने मोजता आले. वीस वर्षे जुन्या उपकरणाकडून मूळ आराखड्यात अपेक्षितही नसलेले मापन मिळाले, ते केवळ अंशांकनामुळे.

सूक्ष्म उष्णतामापक : या प्रकारच्या अभिज्ञातकात भार न मोजता फोटॉनामुळे झालेली तापमानवाढ मोजतात. सर्व साधन निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०·०५ अंश के. तापमानास ठेवावे लागते. विभेदनक्षमता सुमारे ५ इ. व्हो. इतकी, म्हणजे सीसीडीच्या पंचवीसपटींहून सरस असते. परंतु लाभांक तापमानाच्या अतिसूक्ष्म बदलांनाही दाद देतो आणि ऊर्जेशी असलेला संबंध वक्र असतो. म्हणून उड्डाणापूर्वीच निरनिराळ्या तापमानांना पूर्ण वक्र मोजून ठेवतात. अवकाशात मँगॅनिजाची रेषा कोठे येते यावरून अभिज्ञातकाचे त्या क्षणीचे ‘परिणामी तापमान’ ठरते व त्यास अनुरूप असा वक्र पूर्वीच्या वक्रांमधून काढला जातो.

जपानचा ‘हितोमी’ हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ रोजी सोडण्यात आला. त्यावरील उष्णतामापकाने पहिल्या तीन आठवड्यांतच ययाती समूहाचे निरीक्षण केले. या समूहातील वायूचे तापमान सुमारे पाच कोटी अंश असून समूहाच्या मध्यवर्ती दीर्घिकेतील कृष्णविवर त्यास ढवळत असते, म्हणून तेथे प्रचंड खळबळ असावी, असा पुष्कळांचा अंदाज होता. प्रत्यक्षात वेगांचा विस्तार सेकंदाला केवळ १६४ किमी. (±१०) आढळला. ऊर्जेच्या भाषेत ही रुंदी सुमारे ३·७ इ. व्हो. होते. निरीक्षणाच्या वेळी साधन अद्याप औष्णिक दृष्ट्या स्थिरावलेले नव्हते व लाभांक सरकत होता. हे सरकणे दुरुस्त न करता सर्व फोटॉन एकत्र केले असते, तर रेषा कृत्रिम रीत्या रुंद होऊन नसलेली खळबळ दिसली असती. ३६ पिक्सेलांपैकी एक पिक्सेल मुख्य चौकटीबाहेर असून त्यावर लोह-५५ चे किरण अखंड पडत होते. त्यावरून सर्वांना समान असलेले सरकणे काढून टाकता आले. प्रत्येक पिक्सेलाचे वेगळे वर्तन मात्र त्यावरून पुरते कळत नसल्याने शास्त्रज्ञांना पुष्कळ सावधगिरी बाळगावी लागली. २६ मार्च २०१६ रोजी दिशानियंत्रणातील बिघाडामुळे उपग्रहाशी संपर्क तुटला आणि नियोजित अंशांकन पूर्ण होण्यापूर्वीच तो गमवावा लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये सोडलेल्या ‘क्रिझम’ या त्याच्या वारसावर निरीक्षणांच्या दरम्यान ठराविक अंतराने लोह-५५ समोर आणून प्रत्येक पिक्सेलाची तपासणी करण्यात येते. याच्या अभिज्ञातकापुढील झडप उघडण्याचे प्रयत्न उड्डाणानंतर यशस्वी झाले नाहीत. तिच्यातील बेरिलियमाच्या पडद्यामुळे सुमारे १,७०० इ. व्हो. खालील किरण अडतात व तेथील रेषा निरीक्षणास व अंशांकनासही मिळत नाहीत.

वादग्रस्त मापने : २०१४ मध्ये ७३ दीर्घिका समूहांचे एक्सएमएम-न्यूटनने मिळविलेले वर्णपट एकत्र केल्यावर ३,५५० इ. व्हो. जवळ एक क्षीण रेषा दिसल्याचे जाहीर झाले व ती अदृश्य द्रव्याच्या विघटनाची असू शकेल, असे सुचविण्यात आले. अखंड वर्णपटाच्या सुमारे एक टक्का उंचीची ही रेषा म्हणजे उपकरणाचाच दोष असल्याची शंका साहजिक होती. संशोधकांनी प्रत्येक समूहाचा वर्णपट त्याच्या ताम्रच्युतीनुसार मूळ ऊर्जेस आणून मगच बेरीज केली होती. त्यामुळे उपकरणातील एका ठिकाणचा दोष पसरून फिका व्हावा, हा त्यामागील विचार होता. तरीही हितोमीच्या निरीक्षणांवरून २०१७ मध्ये असे दिसून आले की, ययाती समूहात पूर्वी सांगितलेल्या तीव्रतेची रेषा नाही.

दुसरे उदाहरण शौरी तारकासमूहातील ‘हर्क्युलीझ एक्स-१’ या न्यूट्रॉन ताऱ्याचे आहे. त्याच्या वर्णपटातील एका रेषेची ऊर्जा थेट चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेवर अवलंबून असते. ही रेषा १९७६ मध्ये फुग्यातील उपकरणाने शोधली. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिची ऊर्जा सुमारे ३५,००० वरून ४०,००० इ. व्हो.च्या वर गेल्यासारखी दिसली आणि १९९६ ते २०१२ या काळात ती सुमारे ४,००० इ. व्हो.ने उतरली. तारा बदलला की मोजपट्टी बदलली, हा प्रश्न येथे टाळता येण्यासारखा नव्हता. पहिली वाढ निरनिराळ्या उपकरणांच्या तुलनेवर आधारलेली असल्याने तिच्याविषयी अधिक साशंक असणे योग्य ठरते. नंतरची घट मात्र वेगवेगळ्या पद्धतींनी अंशांकन केलेल्या अनेक उपग्रहांना सारखीच आढळल्याने ती ताऱ्याचीच असावी, हे मत ग्राह्य मानले जाते.

भारतीय कार्य : ‘ॲस्ट्रोसॅट’ हा खगोलीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. मृदू क्ष-किरण दूरदर्शकाच्या सीसीडीच्या चारही कोपऱ्यांवर लोह-५५ चे उद्गम सतत किरण टाकत राहतात. पाचवा उद्गम कॅमेऱ्याच्या दारावर असून त्याचा उपयोग दार उघडण्यापूर्वी झाला. कॅडमियम-झिंक-टेल्युराइडाच्या अभिज्ञातकात १६,३८४ पिक्सेल असून प्रत्येकाचा लाभांक निराळा आहे. त्यासाठी आल्फा कणांच्या नोंदीसह अमेरिसियमाचे उद्गम योजले आहेत. या उपकरणाच्या माहितीवर संस्कार करण्याचे केंद्र पुणे येथील आयुका या संस्थेत आहे. झेनॉन वायूच्या तीन मोठ्या प्रमाणीय गणित्रांपैकी एकातून उड्डाणानंतर वायू गळू लागला. लाभांक वाढत गेल्याने त्याचा विद्युत् दाब वेळोवेळी कमी करावा लागला आणि मार्च २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले. गळतीच्या काळातील निरीक्षणे वाया गेली नाहीत, कारण झेनॉनाच्या अभिलक्षणिक किरणांमुळे ३०,००० इ. व्हो. जवळ दिसणाऱ्या शिखराच्या जागेवरून लाभांकाची वाटचाल नोंदविता येत होती.

या उपकरणांच्या माहितीचे विश्लेषण करताना लाभांक वा शून्याचे स्थान यांना अज्ञात राशी मानून वर्णपटाशी जुळवून घेण्याची मुभा पुष्कळदा देण्यात येते. मृदू क्ष-किरण दूरदर्शकाच्या बाबतीत काही दशक इ. व्हो.ची अशी दुरुस्ती सोन्याच्या व सिलिकॉनाच्या सीमांजवळील विसंगती घालविते आणि ती समर्थनीय आहे. परंतु अभ्यासाचा विषयच रेषेचे सरकणे हा असेल, तर हीच मुभा घातक ठरते. कारण ताऱ्याजवळील वायूचा खरा वेग लाभांकाच्या दुरुस्तीत निमूटपणे विरून जातो. अशी दुरुस्ती केली असल्यास तिचे मूल्य निष्कर्षांबरोबर नमूद करावे, अशी अपेक्षा असते. ती सर्वत्र पाळली जातेच असे नाही.

किरणोत्सर्गी उद्गमांच्या झिजेवर उपाय म्हणून इच्छेनुसार चालू-बंद करता येणारे क्ष-किरण उद्गम आता वापरात येऊ लागले आहेत. हितोमी व क्रिझम या दोन्ही उपग्रहांवर ते बसविण्यात आले. त्यांत जंबुपार प्रकाश देणाऱ्या डायोडाने एका पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन मुक्त केले जातात व उच्च विद्युत् दाबाने वेग देऊन ते क्रोमियम किंवा तांबे यांच्या लक्ष्यावर आदळविले जातात. त्यामुळे सुमारे ५,४१० व ८,०४० इ. व्हो.च्या रेषा मिळतात. डायोड अत्यल्प काळ पेटवून विझविता येत असल्याने हे फोटॉन ठराविक क्षणीच येतात व आकाशातून आलेल्या फोटॉनांपासून वेळेवरूनच वेगळे करता येतात.